दप्तरींनी यंत्राला दिलेली चिठ्ठी

आमच्या कचेरीचा दप्तरखाना एकतीस वर्षं एकाच माणसाने सांभाळला. सगळे त्यांना दप्तरी म्हणत. घरी त्यांच्या सौभाग्यवतीसुद्धा. फाइल हवी असेल तर चिठ्ठीवर नंबर लिहून पाठवायचा. लोक मात्र नंबराखाली 'येताना पंखा बंद करा', 'साहेबांनी विचारलं तर मी जागेवर आहे म्हणून सांगा' असंही लिहीत. दप्तरी त्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारत आणि फक्त फाइल पाठवत. त्यामुळे ते खडूस ठरले होते. मीही त्यांना तोंडावर तसं म्हटलं आहे.

मग संगणक आला. पडद्यावरच्या चौकटीत नंबर टाकला की फाइलची प्रत छापून बाहेर. चाचणी पार पडली की दप्तरखान्याला कुलूप आणि दप्तरींची बदली फाटकावर, आल्यागेल्याची नोंद ठेवायला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी वाद घातला नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणाला एवढंच विचारलं, की नंबरापुढे कोणी भलतंच लिहिलं तर यंत्र काय करतं. असं कोण कशाला लिहील, म्हणून तो हसला.

दप्तरींची मुलगी संगणकच शिकत होती. तिने सांगितलं, की चौकटीतला मजकूर न तपासता पुढे सोडला असेल, तर नंबराला जोडून दिलेला हुकूमही यंत्र निमूट पाळेल.

"पण बाबा, नाही पाळला तर तुमचं हसं होईल."

"ते रोजच होतं."

चाचणीच्या दिवशी पहिला नंबर टाकायचा मान, निरोपाचा म्हणून, दप्तरींना मिळाला. त्यांनी नंबर टाकला आणि मुलीने दिलेल्या कागदावरून एकेक अक्षर शोधत पुढचा हुकूम लिहिला: यंत्र बंद कर. साहेबांचं भाषण 'हे यंत्र कधी थकणार नाही' इथवर आलं होतं. प्रत बाहेर आली आणि पडदा काळा झाला.

तरुणाने आधी वायर हलवून पाहिली. मग त्याने विचारलं, "काका, टाकलंत काय तुम्ही?"

"चिठ्ठी. आपली माणसं लिहितात तशी. उद्या कोणी सगळ्या फाइली पुसून टाक म्हणून लिहिलं, तर?"

साहेब खाली बसले.

चाचणी पुढे ढकलली गेली. तरुण रोज दप्तरखान्यात येऊन माणसं चिठ्ठीवर काय काय लिहितात ते उतरवून घेऊ लागला. फाटकाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. प्रोग्रॅम झाला का, असं साहेबांनी दर महिन्याला विचारावं आणि तरुणाने सांगावं, की काकांचं अजून समाधान होत नाही. असं करत दप्तरी दप्तरखान्यातूनच निवृत्त झाले.