कोपराचं माप

ग्रॅनाइटच्या कामात संध्याकाळी आंघोळ केली की अंगावरचा दगडाचा बुरा निघून जाते, पण लोकाईच्या घरातले किस्से काही निघत नाही. सहा वर्षांत इतके जमा झाले बाप्पा, की जेवाले बसलो तरी मी तेच सांगून राहिली असते. आमचे मिस्टर म्हणतात, एक दिवस तं मुक्यानं जेव. मी कावून मुक्यानं जेवू?

इकडे छत्तीसगढात आम्ही तिघं जणं मिळून काम करतो. मिस्टर, म्हणजे सुधाकर, लादी कापतात अन् स्वयंपाकघरात ओटा बसवतात. मी कडा घासते, पॉलिश मारते. पुनऊभाऊ इथलेच छत्तीसगढी, एवढी जड लादी तिसऱ्या माळ्यावर नेतात पण कोपरा टवकू देत नाही. काम सगळं एका ठेकेदाराकडून येते. अन् आमचा एक नियम आहे, म्हणजे माझाच आहे. ओट्याची उंची घरमालक सांगन ती नाही. जी बाई रांधते तिचं कोपर मोजायचं, अन् कोपराच्या सहा इंच खाली ओटा.

*

हा नियम हुडको कॉलनीतल्या एका घरातून निघाला. तिथं एक बाई होती, बुटकी, चार फूट आठ इंच असन. जुन्या ओट्यासमोर लाकडी पाट ठेवला होता अन् त्याच्यावर उभी राहून ती वीस वर्षं पोळ्या करून राहिली होती. दोनदा पडली म्हणे. नवीन ओटा बसवाले घेतला तं तिचा नवरा म्हणे शेजाऱ्याएवढाच पाहिजे, चौतीस इंच. मी बाईचं कोपर मोजलं अन् तीस सांगतले.

नवरा म्हणाला, एवढा ठेंगणा ओटा पाहून पाहुणे काय म्हणतीन?

मी म्हटलं, "पाहुणे फोडणी घालतात काय?"

तीसचा बसला. पाट बाईनं आमच्यासमोरच चुलीसाठी शेजारणीले देऊन टाकला.

*

बोरसीतल्या एका घरात सासू बुटकी अन् सून उंच. दोघी सकाळपासून बोलत नव्हत्या, अन् रांधत दोघीही होत्या. मग मी ओट्याचे दोन भाग केले. खिडकीकडचा सासूचा तीस, दाराकडचा सुनेचा चौतीस, मधात चार इंचाची पायरी. मुलगा ऑफिसातून आला अन् पाहून डोकंच धरलं त्यानं. हे दिसाले कसं दिसन म्हणे, सगळं काढा.

सासू-सून एकदमच बोलल्या, "तुले इथं यायचं कामच काय?"

ओटा राहू दिला, पण ठेकेदाराले फोन केलाच त्यानं. ठेकेदारानं सुधाकरले झापलं. आता एका जरी घराची तक्रार आली तं बायकोले घरी बसव, नाही तं दुसरा ठेकेदार पाय, असं सांगतलं. सुधाकरनं मले हे सांगतलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बसव म्हणजे काय? मी काय उचलून ठेवाची वस्तू आहो? कडा घासाले मी शिकली, हात मी सोलून घेतले, अन् काढणारा हा कोण?

*

त्याच्यानंतरचं घर एका म्हाताऱ्या काकाचं. काम अर्धं झाल्यावर त्याईनं आडनाव विचारलं. मी सांगतलं. मग गाव विचारलं, तेही सांगतलं. दुपारी पाणी मागतलं तं काका म्हणे बाहेर अंगणात नळ आहे, तिथं प्या. सकाळी मात्र घरातल्याच ग्लासात चहा दिला होता.

मी आत गेली. सिंक बसवलं, नळ जोडला, तोटी सोडली अन् तिथंच ओंजळीनं पोटभर पाणी प्याली. काका पाहूनच राहिले. मी तोंड पुसलं अन् म्हटलं, "नळ तपासला काका. पाणी चांगलं आहे."

सुधाकर दोन दिवस फोनकडे पाहत होता. फोन आला नाही. तक्रार करतीन तरी काय सांगून करतीन?

*

आमच्या स्वतःच्या घराचं ऐका. उरलेल्या लादीतून ओटा करू म्हटलं. मी भंडाऱ्याले भावाकडे गेली होती, तेवढ्यात सुधाकरनं बसवूनही टाकला. मी आली, पायलं, तं चौतीस इंच. माझं कोपर मोजलंच नाही! म्हणे, सवयीनं हात चालला.

मी पर्समधून मोबाइल काढला अन् विचारलं, "ठेकेदाराले तक्रार करू काय?"

दुसऱ्या दिवशी सगळा ओटा फोडून काढला त्यानं. पुनऊभाऊ आठ दिवस हसून राहिले होते.

*

अन् मग चरोद्याचं घर. साहेब रेल्वेतून मागच्याच महिन्यात रिटायर झालेले, चांगले सहा फूट उंच. बाई अजून नोकरीत, तिकिटाच्या खिडकीवर. साहेबांनी आल्या-आल्याच सांगतलं, चौतीस इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

बाई ड्युटीवरून आली तेव्हा मी टेप घेऊन उभीच होती. म्हटलं, बाई, कोपर द्या. साहेब भडकले. रांधणाऱ्याचं माप कोण घेते, म्हणे, आताच लावतो ठेकेदाराले फोन. अन् लावलाही. सुधाकर माझ्या हातातून टेप ओढून राहिला होता, जाऊ दे म्हणे, चौतीस तं चौतीस. मले भेव वाटलं, खोटं कावून बोलू? या एका फोनवर माझं काम सुटणार होतं. पण मी टेप सोडला नाही.

बाई डबा घासून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "माझं माप कशाले? अठ्ठावीस वर्षं ड्युटी करून रांधलं मी. आता हे घरी आहेत. सोमवारपासून स्वयंपाक हेच करतीन. यांचंच घ्या."

 फोन लागला होता. ठेकेदाराचा आवाज मोठा, आमाले सगळ्याईले ऐकू आला. "हां साहब, बोलिए. उस बाई ने फिर कुछ किया क्या?"

साहेबांनी बाईकडे पायलं. बाई डबा पुसून राहिली होती. मी टेपाचं टोक पायाखाली दाबलं अन् उभी राहिली. साहेबांनी फोन डाव्या कानाले लावला, उजवा हात कोपरात वाकवून माझ्यासमोर धरला अन् हळूच म्हणाले, "नहीं नहीं, कुछ नहीं. नाप चल रहा है."