चार वाजले नाहीत

कौटुंबिक न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक बाई बसायच्या. हुद्दा समुपदेशकाचा, पण अख्खी इमारत त्यांना तक्तेवाल्या बाई म्हणायची. नवराबायको वेगळे व्हायला निघाले, की मूल कुठल्या दिवशी कुणाकडे, आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेणार, सुट्टीत काय, शाळेच्या कागदांवर सही कुणाची, हे सगळं दोघांना समोरासमोर बसवून लिहून काढायचं, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि खरं सांगायचं तर या कामात बाई भलत्याच खडूस होत्या.

'संध्याकाळी' हा शब्द त्या कागदावर येऊच द्यायच्या नाहीत. एखादा बाप म्हणाला, "संध्याकाळी आणून सोडतो की," तर बाई चष्म्यावरून बघायच्या. "तुमची संध्याकाळ साडेआठची, हिची सहाची. मधले अडीच तास पोर खिडकीत उभं. आकडा बोला." आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. 'जमेल तसं' आणि 'सोयीने' या दोन शब्दांवरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली त्यांनी पाहिली होती. मुलालाही स्वतःचा तक्ता मिळायचा, प्लास्टिकमध्ये बसवलेला. आईचे दिवस हिरवे, बाबांचे निळे, खाली दोघांच्या सह्या. वकील मंडळी हसायची. हसोत बापडी.

तर एका शुक्रवारी सकाळी साडेअकराला बाईंचा फोन वाजला. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी एक आई होती, तिचा. नवरा बस डेपोत मेकॅनिक, मुलगी आठ वर्षांची. या दोघांनी एकदा शाळेच्या फाटकातच मुलीचं दप्तर दोन्हीकडून ओढलं होतं, पट्टा तुटेपर्यंत. न्यायाधीश वैतागले. महिनाभर बाईंच्या तक्त्याप्रमाणे वागून दाखवा म्हणाले, आणि एकदा जरी मोडलात तर बापाचे दिवस बंद, मग कोर्टातल्या खोलीत आठवड्याला एक तास भेट. महिन्यातला तिसरा आठवडा चालू होता.

"बाई, शाळेत पाणी नाही म्हणून बाराला सोडताहेत," आई म्हणाली. "आज शुक्रवार, त्याचा दिवस. त्या दिवशी मी फाटकापाशी फिरकायचं नाही असं लिहिलंय. मी जाऊ की नको?"

"त्यांना कळवलंत?"

"फोन करायचा नाही ना आम्ही. तुम्हीच ठरवलंत. जे काय असेल ते वहीत लिहायचं."

आणि वही मुलीच्या दप्तरात.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी त्यांच्या प्रत्येक तक्त्यात 'शाळा लवकर सुटल्यास' अशी एक ओळ असायची. त्यांनी फाईल उघडली. शुक्रवार, दुपारी चार वाजता, फाटकापाशी, वडील. पुढे काही नाही. त्या दिवशी दोघं इतके शब्दाला शब्द वाढवत होते, की टाईप करताना ती ओळ राहूनच गेली होती. खापर फोडायला दुसरं डोकंच नव्हतं.

"तुम्ही निघा. मी येते," त्या म्हणाल्या, आणि बापाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. टॅक्सीत बसून चौथ्यांदा लावला. डेपोतल्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? सिग्नलला गाडी थांबली की बाईंचा जीव खालीवर व्हायचा. पोर एकटीच घराकडे निघाली असेल का? मधला मोठा रस्ता ओलांडायला निघाली असेल का? ड्रायव्हरला त्यांनी दोनदा सांगितलं जरा हाणा म्हणून, आणि तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली.

शाळेपाशी पोचल्या तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्याच्या पलीकडे दुकानाच्या पायरीवर आई उभी. ओलांडायची हिंमत नव्हती, कारण अलीकडे फाटकाला धरून बाप उभा होता, ऑइलने माखलेल्या कपड्यांत. शाळेचा मेसेज बघून तो तसाच पळत सुटला होता आणि फोन डेपोतच राहिला होता. म्हणजे दोघंही वेळेवर आले होते. बाईंना हायसं वाटलं, पण क्षणभरच.

"येतच नाही हो ती," बाप म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तीन वेळा बोलावलं."

आत, रिकाम्या पटांगणात, वॉचमनच्या खोलीच्या पायरीवर मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. वॉचमनने दिलेला बिस्किटांचा पुडा शेजारी तसाच पडलेला. बाई जाऊन तिच्याजवळ टेकल्या.

"बाबा आलेत. जायचं नाही?"

"चार वाजले नाहीत," मुलगी म्हणाली, आणि दप्तरातून तक्ता काढून त्यांच्या हातात दिला. निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आत्ता गेले तर मोडेल. एकदा जरी मोडलं तर बाबा घरी न्यायचे बंद होतील. आई मावशीला सांगत होती, मी ऐकलं."

एवढ्याशा जिवाने चार तास भुकेलं बसायची तयारी केली होती, आणि ती बाईंच्या आकड्यासाठी.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "एक ओळ लिहायची राहिली."

मुलीने वही काढून पुढे केली. "मग लिहा."

बाईंनी लिहिलं, 'शाळा सुटेल तीच वेळ.' त्याखाली लिहिलं, 'वेळ चुकली तर चूक मोठ्यांची. मुलीची नाही.'

मुलीने बोट फिरवत वाचलं. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"तसं लिहा. आणि दोघांची सही पाहिजे."

तक्त्याखाली दोघांच्या सह्या असतात, हे बाईंनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी 'कधीच' घातलं आणि पलीकडे हात केला. आई रस्ता ओलांडून आली, फाटकापाशी क्षणभर अडली, मग आत शिरली. तिने वाचलं, वाचताना ओठ आवळले, आणि सही केली. बापही आत आला. त्याने हात पँटला पुसले, तरी सही करताना पानावर काळा अंगठा उठलाच.

मुलीने वही दप्तरात ठेवली, चेन लावली आणि बिस्किटांचा पुडा उचलला. पहिलं बिस्किट आईला दिलं, दुसरं बाबांना. मग दोघं खाताहेत ना, हे नीट बघून तिने स्वतः खायला सुरुवात केली.