उताराला इंजिन बंद

सोलापुरात उतार नाही. म्हणजे पुलाचा आहे, पण आपण उतरतोय हे कळेपर्यंत तो संपतो. अशा सपाट मुलखात ज्याचं सगळं आयुष्य गेलं, त्या माणसाने निवृत्तीनंतर एका सकाळी चहात बिस्कीट बुडवत जाहीर केलं, की आपण दोघांनी मोटारसायकलवरून महाबळेश्वरला जायचं. बिस्कीट तुटून कपात पडलं. मला तेव्हाच शंका आली होती.

हा माणूस माझा नवरा. मूळचा सीमेवरच्या मैंदर्गी गावचा, घरात कन्नड, बाहेर मराठी आणि घाबरला की पुन्हा कन्नड. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, इथे 'तो' म्हणणार आहे. लिहिण्याचा तेवढा तरी फायदा असावा.

मी नवी पेठेत एका गाळ्यात साड्यांना फॉल-पिको करून देते. मशीन पायाने चालतं आणि कान मोकळे असतात, त्यामुळे पेठेतली कुठलीही बातमी माझ्यापर्यंत आधी येते. दिवाळीआधी हा सराफाच्या दुकानासमोर गाडीसकट आडवा झाला, तेव्हा तो उठायच्या आत मला कळलं होतं. धावत गेले तर साहेब गाडीखाली पडून भोवतीच्या लोकांना "काही नाही, काही नाही" म्हणून धीर देत होते. रिक्षावाला मध्ये आला म्हणे. रिक्षावाल्याचं म्हणणं वेगळं होतं.

पुण्याच्या मुलाला हे कळलं आणि त्याने फर्मान काढलं, की अप्पांची गाडी विकायची. नवरा त्या दिवशी जेवला नाही. मग हा महाबळेश्वरचा बेत निघाला, आणि मुलाने मला एकटीला फोन केला. "आई, तू मागं बसून जा. नीट बघ. त्यांचा हात कापतोय का, समोरचं दिसतंय का, लक्ष असतंय का. आल्यावर खरं खरं सांग. तू म्हणशील ते फायनल. नाही म्हणालीस तर मी येऊन गाडी विकून टाकतो."

मी हो म्हटलं. म्हणजे मी परीक्षक, आणि परीक्षार्थीला परीक्षेचा पत्ताच नाही. त्याने जन्मभर पोरांच्या अचानक चाचण्या घेतल्या, त्याची ही फेड असावी. पण गंमत बाजूला. गाडी गेली तर हा माणूस घरात बसेल, आणि घरात बसला तर सुकून जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. दर आठवड्याला मैंदर्गीला शेताकडे जातो, वाटेत जोरजोरात गातो, गावातल्या पारावर कन्नडमधून भांडतो आणि टवटवीत होऊन परत येतो. आणि गाडी ठेवली अन् त्याला काही झालं तर? ते पाप माझ्या माथी. मी एवढी घाबरले होते, की निघायच्या आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या साडीला उलट्या बाजूने फॉल लावला.

निघालो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि घरची चादर. सोलापूरचा माणूस परक्या अंथरुणावर झोपत नाही. म्हसवड, दहिवडी करत उसाच्या ट्रॉल्या मागे टाकत गेलो. आजूबाजूने जाकिटं आणि गुडघ्याला ढाली लावलेली पोरं भल्यामोठ्या गाड्यांवरून झूम करून जात होती. आमची गाडी दुधाचे कॅन लावतात त्या जातीची. एका सिग्नलला त्यातल्या एकाने आम्हाला अंगठा दाखवून शाबासकी दिली. नवऱ्याने त्याला हात जोडून नमस्कार केला.

परीक्षक म्हणून माझी अडचण अशी, की मागे बसलं की दिसते ती फक्त नवऱ्याची पाठ. तेव्हा मी पाठीवरून निदान करायला शिकले. ताठ असली तर रस्ता खराब, सैल असली तर तो गातोय. पसरणीच्या घाटात पाठ इतकी छान सैल होती, की मीच खांद्यावरून डोकावून खालचं वाई बघत बसले. वळणावर हॉर्न, ट्रकला वाट, सगळं व्यवस्थित. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. खरं सांगायचं तर त्या घाटात मला फार आनंद झाला. कितीतरी वर्षांनी मी मशीनसमोर नव्हते आणि माझ्या तोंडावर वारा होता.

पाचगणीच्या लॉजवर मॅनेजरने विचारलं, "कपल का फॅमिली?"

"फॅमिली," नवरा म्हणाला.

"मग मुलं कुठायत?"

"मुलाचं लग्न झालंय. नातू बालवाडीत जातोय."

"नाही, म्हणजे आम्ही कपलला रूम देत नाही, म्हणून."

नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हा कन्नडमध्ये जाणार, हे ओळखून मी पुढे झाले आणि म्हणाले, "दादा, आम्ही पळून आलोय असं वाटतंय का तुम्हाला? पळून यायचंच असतं तर मी हा माणूस आणला असता का?" मॅनेजरला एवढा पुरावा पुरला. त्याने वरची खोली दिली, डोंगर दिसणारी.

खोलीत गादी ओली, गीझर आजारी, पण डोंगर अगदी दारात. नवऱ्याने आधी आपली चादर अंथरली, मग लॉजचा टॉवेल उचलला, चिमटीत धरून बघितला आणि म्हणाला, "आपल्याकडचाच हाय." परगावच्या लग्नात गाववाला भेटावा तसा खूश झाला. मग आम्ही खिडकीत बसून भाकरी मोडून खाल्ली. त्याने विचारलं, "कसं चालवतोय मी?" मी दचकले. "बरं चालवताय," म्हणाले आणि चटणी पुढे केली.

महाबळेश्वरला जे सगळे करतात ते सगळं केलं. पॉइंटवर धुकं होतं, त्यामुळे पॉइंट नावाच्या पाटीपलीकडे काही दिसलं नाही. परत येताना वाईकडून नको, केळघरच्या घाटाने मेढ्याला उतरू, असं तो म्हणाला. नवीन रस्ता बघायला मिळेल म्हणून मीही मान डोलावली.

उतार सुरू झाला आणि इंजिनाचा आवाज थांबला.

"काय झालं?" मी ओरडले.

"बंद केलं. उतारच हाय की. पेट्रोल कशाला जाळायचं?"

पुलाच्या उताराला हा हे जन्मभर करत आला आहे. पुलाला चालतं. इथे गाडी सुटली ती सुटलीच. आधी मजा वाटली. कसलाच आवाज नाही, नुसतं वाऱ्याचं घोंघावणं. मग एक वळण, मग दुसरं, आणि मग जळका वास. भाजलेल्या रबरासारखा. नवऱ्याची पाठ ताठ झाली, इतकी ताठ मी ती कधी बघितली नव्हती. त्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि पुढून आवाज आला, "अय्यो शिवने!"

कन्नड. म्हणजे ब्रेक गेले.

पुढच्या वळणावर कठड्याच्या जागी चार पांढरे दगड होते आणि त्यांच्यापलीकडे झाडांचे शेंडे. मी डोळे मिटले नाहीत, कारण नातवाचा चेहरा आठवायचा तर डोळे उघडेच ठेवावे असं का कोण जाणे वाटलं. वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी खडीचा मोठा ढीग टाकला होता. नवऱ्याने गाडी सरळ त्या ढिगात घातली. आम्ही दोघं, चादर, पिशवी, सगळे खडीत जाऊन बसलो.

काही मोडलं नाही. माझं कोपर सोललं, त्याचा गुडघा. कडक भाकरीचा भुगा झाला आणि चटणी दोघांच्या अंगावर सांडली. त्याने पहिल्यांदा मला चाचपून बघितलं, डोकं, हात, पाय, पोरांना रांगेत मोजावं तसं. मग उठून चाकापाशी गेला, ब्रेकला बोट लावलं आणि 'आई गं' करून बोट तोंडात घातलं.

"तापलाय," तो म्हणाला.

"का हो तापला?"

तो खाली बघत, वर्गात सांगावं तसं म्हणाला, "घर्षणानं उष्णता निर्माण होते."

मला हसू फुटलं. मग रडू. मग दोन्ही एकदम. हा धडा त्याने किती पिढ्यांना शिकवला असेल, तळहात चोळून दाखवत. तो शेजारी येऊन बसला आणि माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगायचं नाही. पोराला तर अजिबात नाही. माझी शपथ हाय तुला."

ब्रेक निवल्यावर पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, उरलेला घाट उतरलो. एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन आमच्या बरोबरीने चालत होती. मेढ्याला मेकॅनिककडून ब्रेक तपासून घेतले आणि घरी आलो. वाटेत तो एकदाही गायला नाही.

आता माझा पेच बघा. एकीकडे पोराला दिलेला शब्द, दुसरीकडे नवऱ्याची शपथ. आणि मनात तिसरंच. ही काही म्हातारपणाची चूक नव्हती. पंचविशीतही हा असाच होता. मग म्हातारपणाची शिक्षा त्याला कशी द्यायची?

दोनच दिवसांत फोन आला. घरी पाण्याचा दिवस होता, चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि नवरा अंगणात पाइप लावून गाडी धूत होता. मी मेथी निवडत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. अंगणातलं घासणं एकदम थांबलं. म्हणजे या परीक्षेचं त्याला आधीपासून ठाऊक होतं तर.

"सांग आई. कसं चालवतात?"

"बरं चालवतात. हात कापत नाही, दिसतंय नीट, लक्ष असतंय." शपथ मोडायची नव्हती आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "एवढंच, की उताराला इंजिन बंद करतात."

पोरगा हसला. "त्यात काय? मी पण करतो की. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना पूर्ण घाट इंजिन बंद. अप्पांनीच शिकवलंय मला, लहानपणी पुलावर. पेट्रोल वाचतंय."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. अंगणात पाइप पडल्याचा आवाज आला आणि नवरा ओल्या पायांनी घरात आला. मी त्याला असं धावताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"बंद करतोस? घाटात?" तो फोनवर ओरडला. "सुनेला मागं बसवून?"

"अप्पा, अहो..."

"गप! ऐक. केळघरच्या घाटात माझे ब्रेक गेले. गेले म्हणजे गेले, लागेचनात. खाली दरी आणि मागं तुझी आई. खडीचा ढीग नसता तर..." पुढचं वाक्य कन्नडमध्ये गेलं आणि तिथेच अडलं. "वर्गातल्या पोरांना बरोबर शिकवलं मी. तुलाच चुकीचं शिकवलं. पुन्हा इंजिन बंद करायचं नाही. गिअरमध्ये उतरायचं. म्हण, नाही करणार."

तिकडून हळू आवाजात आलं, "नाही करणार, अप्पा." आणि थोड्या वेळाने, "आई, मग गाडीचं काय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या पायांचं पाणी फरशीवर साचलं होतं आणि तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता. शपथ त्याने स्वतःच मोडली होती, आणि मला हवं ते उत्तर त्यातच होतं.

"गाडी राहील," मी म्हणाले. "अप्पा पुढच्या महिन्यात पुण्याला येतायत. तुझ्या गाडीवर मागं बसणार, खोपोलीपर्यंत. ते म्हणतील ते फायनल."

अंगणात पाइप तसाच चालू होता आणि पाणी शेजाऱ्यांच्या दारापर्यंत पोचलं होतं. पाण्याच्या दिवशी असं पाणी वाहू दिलं तर एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मीच जाऊन नळ बंद केला.