उपग्रहाच्या झाकणावरचं कुंकू

आमचं चाकणचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड. ट्रकचे ब्रॅकेट करता करता शेठना कुठून तरी उपग्रहातल्या डब्यांची झाकणं करायचं काम मिळालं, आणि त्यांची तपासणी माझ्याकडे आली. खंडेनवमीला मशिनींची पूजा होती. शेठ मला म्हणाले, "ताई, तुम्ही पेढे वाटा." कुंकू लावायला शेठच्या बायको, आमच्या वहिनी, खास मोशीहून आल्या होत्या. विधवेच्या हातचं कुंकू मशिनला चालत नाही. तिनं पास केलेलं झाकण मात्र आकाशात चालतं!

वहिनींनी हौसेनं लेथला लावलं, कंप्रेसरला लावलं, आणि पॅक करायला ठेवलेल्या काळ्या झाकणावरही ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली.

"अहो, काय केलंत हे!" मी किंचाळलेच. दुपारी ग्राहकाचा माणूस तपासायला येणार होता. झाकण नापास झालं की काम गेलंच.

शेठ म्हणाले, "वर कोण बघतंय कुंकू?"

कप्पाळ माझं! मग मीच समजावत बसले. वर अगदीच रिकामं नसतं. प्लाझ्मा असतो, विजेनं भारलेल्या कणांचा विरळ वायू. त्यातले इलेक्ट्रॉन उपग्रहावर सारखे आदळतात. आमच्या काळ्या रंगातून वीज वाहते, म्हणून तो चार्ज सगळ्या सांगाड्यावर सारखा पसरतो. कुंकवाच्या खपलीतून वाहत नाही. तिथंच साठत जातो आणि कधीतरी ठिणगी पडते. थंडीत स्वेटर काढताना चटचटतं तसंच, पण इथं आतलं यंत्र जळतं.

"मग पुसा की!" शेठ म्हणाले.

कुणी हलेना. पेंटर म्हणाला, "सणाचं कुंकू पुसू व्हय? न्हाई ओ. बायको घरात घ्यायची न्हाई." वहिनींचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. शेठनी तर, झाकण उलटं बसवलं तर चालेल का, असंही विचारून पाहिलं. मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

"लावायला सवाष्ण आणता, पुसायला मी बरी सापडते!" मी बोललेच. रडू येत होतं. फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि अलगद पुसलं. आमचे हे गेले तेव्हा माझं कुंकू इतक्या जपून कुणी पुसलं नव्हतं.

वीज नीट वाहते का बघायला मीटर लावला. झाकण पास.

वहिनी करंडा घेऊन आल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "झाकणाच्या खोक्याला तरी तुम्ही लावा."

लाकडी खोकं कुठं वर जाणार होतं? लावलं. बोटाला उरलेलं माझ्या कपाळाला लावलं. कुणी काही बोलून तर बघायचं होतं!