थोरल्या सिस्टरांना न चालणारा शब्द

आमच्या थोरल्या सिस्टरांना 'चालतंय' हा शब्द चालत नसे. कोपरगावजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात कुठल्याही नर्सला "कसं काय?" विचारलं, की उत्तर तेच. मग सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "चालतंय म्हंजे? टेम्पो हाय का गं तू?" मी मनात म्हणे, यांचं काय जातंय बोलायला.

त्या वर्षी दोन जागा रिकाम्या होत्या आणि तिघींचं काम माझ्या गळ्यात होतं. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, की बायकांची तपासणी, पोरांचं लसीकरण, आणि तेच आधी रजिस्टरात, मग मोबाईलात भरायचं. वर नातेवाइकांच्या शिव्या. पेशंट कण्हला की कीव येण्याऐवजी मला राग यायला लागला. त्याची मला फार भीती वाटली. राजीनामा लिहून मी एप्रनच्या खिशात ठेवून दिला.

एका सोमवारी एका म्हाताऱ्या बाईंचा केसपेपर मी लिहिला. सिस्टरांनी तो उचलला आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

"गयाबाई."

पेपरवर माझं नाव होतं, वयासकट. आता सगळ्यांदेखत आपली बिनपाण्यानं होणार, असं मी धरूनच चालले. सिस्टरांनी आजींना दुसरा पेपर काढून दिला आणि मला पेशंटच्या बाकावर बसवलं.

"बरोबर लिव्हलंय तू. आज पेशंट तूच हाय."

त्यांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या, रजेवर डॉक्टरांची सही आणली आणि मला माहेरच्या, सोनईच्या एसटीत बसवलं. "तुझी ड्युटी आमी वाटून घेतो. जा."

गाडीत मी पेपर उघडला. आजार : चालतंय. उपचार : आठ दिवस आईकडं झोपणे. मी हसले, आणि मग राहाता गाव येईपर्यंत रडले. किती दिवसांनी मोकळं वाटलं.

राजीनामा आईनं एप्रनबरोबर धुऊन टाकला. मी दुसरा लिहिला नाही. जागा पुढेही रिकाम्याच राहिल्या, पण सिस्टर आता ड्युटीच्या तक्त्यात आधी सुट्ट्या मांडत आणि मग कामं.

यंदा त्या निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाल्यावर औषधांचं कपाट उगीच पुसत उभ्या होत्या. मी विचारलं, "सिस्टर, बरं वाटतंय ना?"

"चालतंय," त्या म्हणाल्या.

मी कोरा केसपेपर पुढं सरकवला. त्या बाकावर बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "लिव्ह नाव."