जिन्यावरचा हात

शाळेच्या तपासणीत माझ्या मुलाच्या छातीत कसलासा आवाज ऐकू आला, म्हणून मी त्याला नागपूरच्या हृदयतज्ज्ञांकडे नेलं होतं. बाकावर शेजारी उमरेडचा एक विणकर होता. माग विकून त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी बोलताना त्याचे पाय मागाखालच्या पावड्या दाबल्यासारखे आळीपाळीनं हलत होते.

सोबत त्याची अठरा वर्षांची मुलगी होती. तिच्याही छातीत सहाव्या वर्षी असाच आवाज सापडला होता.

"नागपूरले दाखवा म्हनलं होतं डॉक्टरनं. मीच भेलो. भलतंच काही निघालं त?"

मग त्यानं मुलीला नुसतं जपलं. खेळ नाही, पळणं नाही, जिन्यावर त्याचा हात. आता नर्सिंगच्या प्रवेशाला तब्येतीचा दाखला हवा होता, म्हणून आले होते.

माझ्या मुलाकडे बघून तो म्हणाला, "धावू नका देऊ भाऊ, त्याले."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. बाहेर येऊन तो पुन्हा बाकावर बसला, तेव्हा त्याचे पाय हलत नव्हते.

"काही नव्हतंच म्हनते डॉक्टर. चांगल्या पोरायच्याबी काळजात रक्त वाहताना असा आवाज येते म्हनते." मग मुलीकडे न बघता म्हणाला, "बिमारी मले होती, भाऊ. बसवून तिले ठेवलं."

जिन्यापाशी तो तिला म्हणाला, "जाय, धावत उतर."

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि मागे न बघताच तिनं त्याच्यासाठी हात मागे केला.