अर्थिंगच्या खड्ड्यावरचं फूल

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चालू लागणारा माणूस मी. मीटरवर दिसेल तेवढंच खरं, असं मानत आलो. तरीही हे लिहितोय... वय झालंय, आणि एक चूक आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पन्नासच्या दशकाचा शेवट. पिंपरीजवळ एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं, तिथे मी कार्डिओग्राम काढायचो. गाव रत्नागिरीकडे, इथे ओळखीचं कुणी नाही. खोलीवर जायचं, स्टोव्ह पेटवायचा, भिंतीकडे बघत भात खायचा. रविवार तर खायला उठायचा.

समोर कारखान्याची शेड उभी राहत होती. दिवसभर वेल्डिंग! त्याचा त्रास थेट आमच्या मशीनला — हृदयाच्या रेघेऐवजी कागदावर नुसतं गवत उगवायचं. म्हणून मशीनच्या खोलीला सगळीकडून तांब्याची जाळी ठोकली होती. जाळीची तार मागच्या अंगणात, मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पत्र्याला जोडलेली. ही अर्थिंग. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक घागर पाणी ओतावं लागे. माती सुकली की जाळी असून नसल्यासारखी.

पाणी ओतायच्या सखूमावशी, हॉस्पिटलात आयाचं काम करणाऱ्या. चिखलीहून चालत यायच्या. दुपारी घागर रिती केली की वर कण्हेरीचं एक पिवळं फूल ठेवायच्या.

"मावशी, हा देव नाही, अर्थिंग आहे," मी चिडवायचो.

"आसंल बाबा. पर पानी पितोय न्हवं? मग झालं." आणि जाता जाता, "जेवलास का रं?"

दिवसभरात हा प्रश्न मला तेवढाच एक माणूस विचारायचा.

एका वैशाखात त्या आजारी पडल्या. "पान्याचं तेवढं बघ," असा निरोप आला. मी हो म्हणालो... आणि विसरलो. एक दिवस नाही, आठ दिवस. नवव्या दिवशी भाचा त्यांना बैलगाडीतून घेऊन आला. छातीत कळा. मी तारा लावल्या, मशीन सुरू केलं — कागदभर गवत! तेव्हा कुठे खड्डा आठवला. धावत जाऊन घागर ओतली, पण भेगाळलेल्या मातीत ती कुठल्या कुठे गेली. पुन्हा काढला, तेच गवत.

डॉक्टर म्हणाले, "यावरून काही सांगता येत नाही. सकाळी परत काढू. आज इथेच राहा."

मावशी ऐकेनात. घरी म्हैस व्यायला झाली होती. रेघ नीट आली असती तर डॉक्टरांनी त्यांना हलूच दिलं नसतं. गाडीत चढताना मला म्हणाल्या, "तोंड का सुकलंय? जेवलास का रं?"

पहाटे त्या गेल्या.

खड्डा सुकला होता, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

त्यानंतर रोज पाणी घातलं. अंगणाच्या दाराला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली — आता हे काम दुसऱ्या कुणावर टाकायचंच नव्हतं. पुढच्या वैशाखात मला ताप भरला. सहा दिवस खोलीत पडून होतो, दार वाजवायलाही कुणी आलं नाही. सातव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलचा शिपाई बोलवायला आला : महाळुंग्याचा एक माणूस आणलाय, छातीत दुखतंय, कार्डिओग्राम हवा.

लटपटत पोचलो तो थेट मागे. कुलूप जसंच्या तसं. उघडलं...

खड्डा काठोकाठ ओला. पाणी अजून मुरत होतं. वर कण्हेरीचं पिवळं फूल.

विचार करायला वेळ नव्हता. वेल्डिंग चालूच होतं, पण रेघ इतकी स्वच्छ आली की कागद हातात घेतल्या घेतल्या डॉक्टरांना हृदयाचा झटका दिसला आणि त्यांनी गाडी काढायला सांगितली. माणूस पुण्याला पोचला, वाचला.

नंतर एकेकाला विचारलं. पाण्याचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. अंगणाची भिंत दोन पुरुष उंच, कुलपाला दुसरी किल्ली नाही. कुणी गंमत केली म्हणावं, तर मावशींचं फूल माझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? आजवर उत्तर मिळालेलं नाही.

त्या दुपारी मी परत मागे गेलो. खड्ड्याशी बसलो आणि आधी चूक कबूल केली, मोठ्याने. मग बराच वेळ रडलो. उठताना, कुणी काही विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "नाही मावशी, अजून जेवलो नाही."